पक्षाघातानंतर हातासाठी अंगावर घालायचा रोबो: बडोद्यातील मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग, वाडी या भागांतल्या मराठी घरांमध्ये पक्षाघाताला आजही ‘लकवा’च म्हणतात. रुग्ण घरी आला, चालायला लागला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पाय सुधारला, हाताचे काय? अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे, कारण कोणाच्या तरी भाच्याने मोबाइलवर रोबोटिक हाताचा व्हिडिओ दाखवलेला असतो. मी येथे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आणि कोणतेही यंत्र विकत नाही. पुढची उत्तरे त्या व्हिडिओनंतर माझ्याकडे येणाऱ्या नातेवाइकांसाठी लिहिली आहेत.

हा रोबो म्हणजे नेमके काय असते?

दंड, कोपर आणि मनगट यांच्या बाजूने धातूचे किंवा प्लास्टिकचे दांडे बसवलेले असतात, त्यांचे सांधे रुग्णाच्या सांध्यांशी जुळवलेले असतात आणि पट्ट्यांनी हात त्यात बांधला जातो. प्रत्येक सांध्यापाशी मोटर असते आणि हात किती वळला, रुग्णाने स्वतः किती जोर लावला, हे मोजणारे सेन्सर असतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात विकसित झालेला ‘आर्मिन’ हा या जातीचा नामांकित नमुना असून, ‘आर्मिओ पॉवर’ हे बाजारातले यंत्र त्याच्याच घराण्यातले आहे.

सगळीच यंत्रे अशी नसतात. ‘आर्मिओ स्प्रिंग’मध्ये मोटर नसते, केवळ स्प्रिंगांच्या साहाय्याने हाताचे वजन तोलून धरलेले असते. ‘मायोप्रो’ हा पट्टा त्वचेवरून स्नायूंचे क्षीण विद्युत संकेत वाचून कोपर आणि मूठ हलवायला मदत करतो, आणि तो व्यायामापेक्षा रोजच्या वापरासाठी अधिक आहे. बोटांसाठी मऊ हातमोजे मिळतात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये तयार झालेले ‘एमआयटी-मानुस’ हे सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले यंत्र मात्र अंगावर घालायचे नाहीच. टेबलावरचा दांडा रुग्णाने धरायचा आणि हलवायचा, असे त्याचे स्वरूप आहे. त्यामुळे ‘रोबो’ या एका शब्दाखाली कोणते यंत्र दाखवले जात आहे, हे आधी विचारून घ्यावे.

दुखणे मेंदूत आहे, मग हाताला यंत्र बांधून काय साधते?

हा सर्वांत चांगला प्रश्न आहे आणि तो सहसा घरातली वयस्कर मंडळी विचारतात. हाताचे स्नायू शाबूत असतात, पण मेंदूतून मज्जारज्जूकडे आज्ञा नेणारे मार्ग तुटलेले किंवा विस्कळीत झालेले असतात. उरलेल्या मार्गांकडून काम करवून घ्यायचे, तर मेंदूला तीच हालचाल पुन्हा पुन्हा, लक्ष देऊन आणि चुका दुरुस्त करत करावी लागते. आपल्या नेहमीच्या उपचारांत हेच कमी पडते. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, हाताच्या उपयुक्त हालचालींची पुनरावृत्ती एका सत्रात सरासरी अवघी ३२ वेळा होत असल्याचे दिसले. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूची फेरजुळणी दिसून आली, त्यांत ही संख्या दिवसाला शेकड्यांत असते. माझ्या स्वतःच्या दवाखान्यात मी एकदा मोजले, तेव्हा आकडा तिसाच्या आसपासच आला, आणि तो दिवस मला बराच वेळ खुपत राहिला.

रोबोचे दुसरे काम वजन तोलण्याचे आहे आणि त्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. पक्षाघातानंतर रुग्ण खांद्यातून हात उचलायला जातो, तेव्हा कोपर आपोआप दुमडते आणि बोटे मिटतात, कारण उरलेले मार्ग या हालचाली सुट्या करू शकत नाहीत, त्या एकदमच घडतात. हात जितका जड उचलावा लागतो, तितकी मूठ घट्ट होते. शियाबागेतल्या एक काकू समोरच्या फडताळातला साखरेचा डबा घ्यायला हात वर न्यायच्या आणि डब्यापाशी पोहोचेपर्यंत त्यांची मूठ पक्की मिटलेली असायची. मी त्यांच्या कोपराखाली माझा तळहात धरून वजन तोलताच तीच बोटे अर्धी उघडली. यंत्र हेच करते, शिवाय त्याला थकवा येत नाही आणि आधार थोडा थोडा करून कमी करता येतो.

यंत्रच हात हलवत असेल, तर त्याला व्यायाम कसे म्हणायचे?

म्हणता येणार नाही. रुग्ण गप्प बसला आणि मोटरने हात फिरवला, तर सांधे मोकळे राहतील, पण मेंदू फारसे शिकणार नाही. चांगल्या यंत्रांमध्ये ‘लागेल तेवढीच मदत’ अशी पद्धत असते: रुग्णाने हालचाल सुरू करायची, तो अडला की यंत्राने थोडा हात द्यायचा, आणि जमू लागले की मदत काढून घ्यायची. तरीही एक अडचण उरते. मदत मिळते आहे हे कळताच माणसाचे शरीर नकळत अंग चोरते. हा आळशीपणा नव्हे, कमीत कमी कष्टांत काम उरकणे हा चेतासंस्थेचा स्वभावच आहे. म्हणून सत्र चालू असताना नातेवाइकांनी यंत्राच्या पडद्यावर दिसणाऱ्या गुणांकडे पाहण्यापेक्षा रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावे. कपाळावर आठी नसेल आणि गुण मात्र भराभर वाढत असतील, तर मदतीचे प्रमाण जास्त आहे, असे थेरपिस्टला निःसंकोच सांगावे.

माणसाने दिलेल्या उपचारांपेक्षा रोबोने जास्त फायदा होतो, हे सिद्ध झाले आहे का?

थोडक्यात उत्तर ‘नाही’ असे आहे, पण ते तेवढ्यावर सोडणे रुग्णावर अन्याय करणारे ठरेल.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये झालेला १२७ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पक्षाघात होऊन सहा महिने तरी उलटलेल्या रुग्णांना १२ आठवड्यांत ३६ सत्रे देण्यात आली. नेहमीच्या देखभालीशी तुलना करता १२ आठवड्यांनी रोबोचा ठळक फायदा दिसला नाही, ३६ आठवड्यांनी बेताचा दिसला. परंतु थेरपिस्टने तितक्याच जोमाने आणि तितक्याच पुनरावृत्तींनी दिलेल्या उपचारांपेक्षा रोबो सरस ठरला नाही. आर्मिनवरचा ७७ रुग्णांचा स्वित्झर्लंडमधला अभ्यास २०१४ सालचा आहे. त्यात हाताच्या हालचालींच्या ६६ गुणांच्या मोजपट्टीवर रोबोच्या गटाला एका गुणाहूनही कमी आघाडी मिळाली, आणि ताकदीच्या बाबतीत उलट नेहमीच्या उपचारांचा गट पुढे होता. सर्वांत मोठा अभ्यास ब्रिटनमधला, ७७० रुग्णांचा, २०१९ सालचा. त्यात आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटे, १२ आठवडे रोबोवर सराव करूनही हाताच्या प्रत्यक्ष कामांत नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत वाढीव यश मिळाले नाही. हे यंत्र मात्र टेबलावरचे एमआयटी-मानुस होते.

दुसरीकडे, ४५ चाचण्या आणि १६०० हून अधिक रुग्ण यांचा २०१८ सालचा कॉक्रेन (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढावा असे सांगतो की, यंत्राच्या साहाय्याने केलेल्या सरावाने हाताची कार्यक्षमता, ताकद आणि दैनंदिन व्यवहार सुधारतात. मात्र ती सुधारणा रुग्णाला घरात जाणवण्याइतकी असते का, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. माझ्या मते या सगळ्याचा मेळ असा लागतो: फायदा पुनरावृत्तींचा आहे. त्या रोबोने करवून घेतल्या काय किंवा धीराच्या थेरपिस्टने करवून घेतल्या काय, हाताला त्याचे फारसे देणेघेणे नसते, आणि यंत्रावर सुधारलेली हालचाल ताट-वाटी-गुंडीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. तिला तिथवर हाताला धरून न्यावे लागते.

मग रोबो वापरायचाच कशाला?

कारण धीराचा थेरपिस्ट दिवसाला अनेक रुग्ण पाहतो आणि एकाच हाताला पाऊण तास आधार देऊन शेकडो वेळा तीच हालचाल करवणे त्याच्या कमरेला परवडत नाही. ज्यांचा हात स्वतःच्या बळावर उचलतच नाही, पण खांद्यात किंवा कोपरात थोडी का होईना हालचाल आहे, अशा रुग्णांना रोबोचा उपयोग सर्वाधिक होतो, असा माझा अनुभव आहे. ज्यांची बोटे बऱ्यापैकी उघडतात, त्यांनी यंत्राच्या मागे न लागता चांगला हात काही तास बांधून ठेवून दुखऱ्या हातालाच कामाला लावण्याची पद्धत आधी विचारावी. तिचा अमेरिकेतला २२२ रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात लाभ स्पष्ट दिसला. त्या पद्धतीला मुख्यतः मिटन (चांगल्या हाताची बोटे झाकणारा मोजा) आणि चिकाटी लागते. चिकाटी घरातल्या सगळ्यांनाच लागते, कारण रुग्ण चिडतो.

कधी सुरू करावे? आमच्याकडे दोन वर्षे होऊन गेली आहेत.

आपोआप होणारी सुधारणा बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांत होते, म्हणून त्या काळात प्रशिक्षण वाया घालवू नये. परंतु ‘जितके लवकर, जितके जास्त, तितके चांगले’ हा हिशेब पहिल्या काही दिवसांना लागू पडत नाही. फार लवकर आणि फार तीव्र सराव दिलेल्या गटाची प्रगती कमी झाल्याचे २००९ सालच्या एका छोट्या अभ्यासात दिसले होते. रक्तदाब स्थिर झाल्यावर, न्यूरॉलॉजिस्टची परवानगी घेऊन आणि बेताबेताने सुरुवात करावी.

दोन वर्षांनंतरही सुधारणा होऊ शकते. वर उल्लेखिलेल्या माजी सैनिकांच्या अमेरिकी अभ्यासातले अनेक रुग्ण तर त्याहूनही जुने होते. फक्त अपेक्षा लहान ठेवाव्यात: शर्टाच्या बाहीत हात स्वतः घालणे, पोळी तोडताना ती दाबून धरणे, दरवाजाची कडी ओढणे.

हात पूर्वीसारखा होईल का?

हे सांगण्याचा थोडाफार आधार उपलब्ध आहे. नेदरलँड्समधल्या २०१० सालच्या अभ्यासानुसार, पक्षाघातानंतर पहिल्या ७२ तासांत ज्यांची बोटे किंचित तरी सरळ होत होती आणि खांदा बाजूला थोडा उचलता येत होता, त्यांच्यापैकी ९८ टक्के रुग्णांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परतले. दोन्ही खुणा नसलेल्यांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते. ‘काही कौशल्य’ म्हणजे पूर्वीसारखा हात नव्हे, हे लक्षात घ्यावे. दुसऱ्या गटातल्या कुटुंबाला मी रोबोची शिफारस करताना अधिक सावध असतो, आणि जो कोणी पहिल्याच भेटीत खात्रीची भाषा बोलतो, त्याच्याबद्दलही.

बोटे मिटलेलीच राहतात. स्पंजचा चेंडू दाबण्याचा व्यायाम चालू ठेवावा का?

बंद करावा. मिटणे त्या हाताला जमतेच आहे, उघडणे जमत नाही. ताठरपणा फार असेल, तर स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारावे. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि त्या मुदतीत रोबोटिक हातमोजा किंवा विद्युत उत्तेजनासह (सौम्य विजेने स्नायू हलवून) केलेला उघडण्याचा सराव अधिक फळतो.

यात धोका काय आहे?

यंत्र चुकीच्या मापाने बांधले, तर त्याचे सांधे आणि माणसाचे सांधे वेगवेगळ्या ठिकाणी वळतात आणि सगळा ताण खांद्यावर येतो. लकव्याचा खांदा आधीच खोबणीतून खाली उतरलेला असू शकतो. सत्रापूर्वी खांद्याच्या टोकाखाली बोटभर खाच लागते का, हे थेरपिस्टने तपासलेच पाहिजे, आणि दुखू लागले तर सत्र तेथेच थांबले पाहिजे. न जुळलेले हाड, उघडी जखम, अस्थिर रक्तदाब, आटोक्यात नसलेले फिटचे झटके, फार ठिसूळ हाडे किंवा कायमचा आखडलेला सांधा असेल, तर यंत्र लावू नये. पेसमेकर असेल, तर विद्युत उत्तेजन जोडलेले यंत्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

त्वचेचा प्रश्न वेगळा आणि आपल्याकडे अधिक गंभीर आहे. उमेदवारीच्या काळात मे महिन्यात मी एका आजोबांचा दंड यंत्रात बांधला होता. पट्टा घामाने ओला होऊन घसरला आणि त्याची कडा कोपराच्या आतल्या बाजूला रुतत राहिली. त्यांना त्या बाजूची संवेदनाच नव्हती, त्यामुळे ते काही बोलले नाहीत आणि मीही पडद्याकडे पाहत राहिलो. पट्टा सोडला तेव्हा तेथे रुपयाएवढा फोड होता. तो भरायला तीन आठवडे लागले आणि तेवढा काळ सराव बंद राहिला. तेव्हापासून मी आतून सुती बाही घालायला लावतो आणि दर दहा मिनिटांनी पट्टा सैल करून त्वचा पाहतो. आपल्या केंद्रात असे कोणी करत नसेल, तर नातेवाइकांनी स्वतः करावे.

बडोद्यात खर्च किती येईल? आयुष्मान कार्ड चालते का?

मोटरचे पूर्ण हाताचे परदेशी यंत्र लाखो रुपयांचे असते आणि ती किंमत शेवटी सत्राच्या शुल्कात उतरते. केंद्रागणिक दर वेगळे असल्याने येथे आकडा देणे योग्य नाही. आयुष्मान योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, त्यामुळे रोज जाऊन-येऊन घ्यायची सत्रे तिच्या भरवशावर आखू नयेत. खासगी विमा असेल, तर मंजुरी आधी लेखी मागावी. पैसे भरण्यापूर्वी केंद्रात पुढील गोष्टी विचाराव्यात: सत्रभर थेरपिस्ट शेजारी असतो, की यंत्र लावून निघून जातो? एका सत्रात प्रत्यक्ष किती हालचाली होतात? यंत्रानंतर त्याच दिवशी खऱ्या वस्तूंवर सराव असतो का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला, तर रिक्षाचे भाडे वाया गेले असे समजून परत यावे.

भारतीय बनावटीचे काही आहे का?

आहे. दिल्लीच्या आयआयटीने एम्सच्या सहकार्याने मनगट आणि बोटांसाठी रोबोटिक सांगाडा तयार केला असून त्याची रुग्णांवरील चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ साली प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरचे, मऊ आणि अंगावर घालता येणारे साधन जाहीर केले. या कामांचा भर यंत्र स्वस्त आणि घरी वापरता येण्याजोगे करण्यावर आहे.

ऑनलाइन मिळणारा हवेचा हातमोजा घ्यावा का?

हवेच्या नळ्यांनी बोटे उघडमीट करणारे हे हातमोजे सांधे आखडू न देण्यासाठी बरे असतात, परंतु बरेचसे रुग्णाचा प्रयत्न मोजत नाहीत. घेतलाच असेल, तर दूरदर्शन पाहताना घालू नये. हातमोजा उघडू लागला की रुग्णाने मनातून आणि जोराने उघडण्याचा प्रयत्न करावा. वीस मिनिटे पुरेशी आहेत.

तेलमालिश?

अंगाला बरे वाटत असेल, तर करावी. हालचाल त्याने परत येत नाही. उतरलेला खांदा मालिशवाल्याच्या हाती देऊ नये.

प्रगती कशी मोजायची?

थेरपिस्ट ‘फुगल-मायर’ नावाची मोजपट्टी वापरतात. हातासाठी तिचे एकूण गुण ६६ असतात आणि साधारण पाच गुणांची वाढ रुग्णाला जाणवण्याजोगी मानतात. सुरुवातीचे गुण कागदावर लिहून मागावेत. रोबोच्या पडद्यावरचे गुण हे मोजमाप नव्हे, कारण ते यंत्राच्या मदतीसह मिळालेले असतात.

घरची मोजपट्टी घरातच ठरवावी. वाडीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते की, त्यांना उत्तरायणाला नातवाची फिरकी धरायची आहे. ऐकायला सोपे वाटते, पण फिरकी दोन्ही हातांत पेलावी लागते, पतंगाने मांजा ओढला की बोटे सैल सोडून ती फिरू द्यावी लागते आणि लगेच पुन्हा आवळावी लागते. आम्ही यंत्रावर खांदा आणि कोपर यांचा सराव केला आणि प्रत्येक सत्राची शेवटची पंधरा मिनिटे रिकाम्या फिरकीला दिली. तीन महिन्यांत मोजपट्टीवर त्यांचे चारच गुण वाढले. १४ जानेवारीला त्यांनी गच्चीवर खुर्चीत बसून, डावे टोक अंगठ्याच्या बेचक्यात अडकवून, सुमारे अर्धा तास फिरकी धरली. ढील देताना दोनदा अडकली, असे नातवाने मला तक्रारीच्या सुरात सांगितले.

उपचार चालू असताना पुन्हा लकव्याचा झटका आला तर?

चेहरा वाकडा होणे, हात गळून पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर वेळ पाहून ठेवावी आणि लगेच १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देता येते. सयाजी रुग्णालय असो वा जवळचे खासगी, सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणीच जावे. फिजिओथेरपिस्टला आधी फोन करू नये, मला असे फोन आलेले आहेत.

यंत्र कधी थांबवावे?

साधारण १२ आठवड्यांचा एक टप्पा धरावा आणि मध्यावर, म्हणजे सहाव्या आठवड्यात, तीच मोजपट्टी पुन्हा लावून घ्यावी. गुणही हलले नाहीत आणि घरात ठरवलेले कामही पुढे सरकले नाही, तर उरलेल्या सत्रांचे पैसे परत मागण्यात संकोच करू नये. ते स्प्लिंट (हात योग्य स्थितीत धरणारा आधार), ताठरपणावरचे उपचार किंवा आठवड्यातून दोनदा घरी येणारा थेरपिस्ट यांवर अधिक सार्थकी लागतील. फरक दिसत असेल, तर टप्पा पूर्ण करून यंत्र बंद करावे, घरचा सराव चालू ठेवावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीला यावे. येताना पहिल्या दिवशीचा गुणांचा कागद सोबत आणावा, बहुतेक जण तो हरवतात.